उत्तरेश्वरची स्लाइड

दुपारची जेवणं उरकली, की हडपसरच्या त्या कंट्रोल रूममध्ये एक दिवा उघडमीट करू लागायचा. लाल, हिरवा, पुन्हा लाल. नवीन आलेला माणूस दचकून उभा राहायचा. जुनी मंडळी डब्याची झाकणं लावता लावता म्हणायची, "बसा हो. श्रद्धांजली चालू आहे."

दिवा म्हणजे खरा दिवा नव्हे. भिंतभर लावलेल्या पडद्यांवरचा नखाएवढा चौकोन. शहरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले त्या वर्षी केबल कंपनीने सगळ्या चॅनेलांवर नजर ठेवायला एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याआधी चित्र गेलं की सदाशिव पेठेतून एखादे आजोबा फोन करून शालजोडीतले हाणायचे, तेव्हा कळायचं. आता सॉफ्टवेअर आधी सांगायचं. चित्र काळं पडलं, आवाज गेला, चित्र थिजलं, की त्या चॅनेलचा चौकोन लाल. थिजलेलं चित्र ओळखायची त्याची रीत अगदी सरळ होती. या क्षणाची फ्रेम मागच्या क्षणाच्या फ्रेमशी ताडून बघायची. फरक नाही, पुन्हा फरक नाही, असं थोडा वेळ चाललं की ते त्याला 'फ्रीझ' म्हणायचं.

आता कंपनीचं स्वतःचं एक लोकल चॅनेल होतं. सकाळी आरत्या, संध्याकाळी कुठल्या तरी गटाराच्या उद्घाटनाची बातमी, आणि दुपारी, पुणं झोपलेलं असताना, स्लाइडा. फुगे, टोप्या आणि मधोमध चिरंजीवांचा फोटो, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मग बासरी सुरू व्हायची, पडदा निळा व्हायचा आणि कैलासवासी कोणीतरी चौकटीतून बघायला लागायचे. शोकाकुल समस्त परिवार. फोटो म्हटल्यावर तो हलणार थोडाच? सॉफ्टवेअरच्या लेखी प्रत्येक फोटो थिजलेलं चित्र. फोटो लागला की लाल, बदलला की हिरवा. वाढदिवसाचं बाळ असो नाहीतर कैलासवासी, त्याला दोघे सारखेच.

"दुपारपुरता हा अलार्म बंद ठेवू या का सर?" फैझलने एकदा विचारलं होतं. फैझल शेख मोमीनपुऱ्यातला, कंट्रोल रूममध्ये तीन वर्षं मुरलेला.

"ठेवा की," जोगळेकर साहेब वर न बघता म्हणाले. "दुपारपुरते तुम्हीही घरी जात जा."

त्यामुळे अलार्म तसाच राहिला.

त्या खोलीत दुपारच्या पाळीला फैझलच्या शेजारी सत्यशीला बसायची. सत्यशीला औसा तालुक्यातली. लातुरात इंजिनिअरिंग करून पुण्याला आली आणि मागोमाग धाकट्या भावाला, उत्तरेश्वरला घेऊन आली. त्याला मगरपट्ट्यात एका कंपनीत चिकटवून दिलं तेव्हा तिला स्वतःच्या नोकरीपेक्षा जास्त आनंद झाला होता. स्वभावाने ती हिशेबी, मोजून बोलणारी. देवाला हात जोडायची, पण मागायची काही नाही. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं आणि नीट शोधलं तर ते सापडतं, यावर तिचा विश्वास होता. त्या विश्वासावर तिचं बरं चाललं होतं.

मग गेल्या वर्षी उत्तरेश्वर मित्रांबरोबर खडकवासल्याला गेला. भजी खाल्ली, कणसं खाल्ली, फोटो काढले. पाय बुडवून येतो म्हणाला. काठावर त्याच्या चपला सापडल्या, चपलेत घड्याळ आणि मोबाइल. अग्निशामक दलाची माणसं आली, पाणबुडे आले, गळ टाकले. धरणाने काही परत दिलं नाही.

आई गावाहून आली ती परत गेलीच नाही. दुर्गाबाई रडल्या नाहीत, तेच सत्यशीलाला जड गेलं. "सापडला न्हाई म्हंजी गेला असं कुणी सांगितलं?" एवढंच त्या म्हणायच्या. हडपसरच्या खोलीत नळाला यायचं ते पाणी खडकवासल्याचं, हे कुणीतरी त्यांना बोलून गेलं, तेव्हापासून त्यांनी त्या पाण्याला हात लावला नाही. "माझं लेकरू हाय त्या पाण्यात. ते पिऊ मी?" मुलगी काय करणार? तिने जवळच्या मांजरी गावात उसाच्या फडांमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा भाड्याने घेतली. तिथे बोअरचं पाणी होतं. जड, खारट. फरशीवर थेंब सांडला तरी वाळल्यावर पांढरा डाग राहायचा, आणि आईचा अर्धा दिवस ते डाग घासण्यात जायचा. निदान हात कामात आहेत, असं सत्यशीला मनाला समजावायची.

वर्ष भरत आलं तसे नागोरावकाका गावाहून येऊन थडकले. आईचे धाकटे दीर. भटजींशी बोलून आले होते. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात, त्यालाच अग्नी देतात, पुढचे विधी करतात. रविवार ठरवला होता.

"त्याला मोकळं करायला नगं का?" काका म्हणाले. "आन ह्या पोरीचं लगीन तसंच ऱ्हाऊ द्यायचं व्हय? आईचा व्हकार पायजे, भटजी म्हनले. वहिनी, एकदा व्हय म्हना."

आई भिंतीकडे बघत बसली.

काकांनीच मग सत्यशीलाला बाजूला घेऊन सुचवलं. तुझ्या चॅनेलवर फोटो लागू दे आठवडाभर. आई दुपारी टीव्ही लावून बसतेच. डोळ्यांना सवय झाली की मन वळतं. सत्यशीलाला ते पटलं. खरं सांगायचं तर तिलाही कुठेतरी ते छापलेलं बघायचं होतं. वर्षभर आईच्या 'हाय' आणि जगाच्या 'होता' यांच्या मधे उभं राहून ती थकली होती. तिने स्वतः स्लाइड बनवली. ऑफिसच्या ओळखपत्रासाठी काढलेला फोटो होता, निळा चौकड्यांचा शर्ट, मागे स्टुडिओचा करडा पडदा. तोच शर्ट त्या दिवशी त्याच्या अंगात होता. खाली तिने 'प्रथम पुण्यस्मरण' असं टाइप केलं आणि बराच वेळ त्या दोन शब्दांकडे पाहत राहिली.

सोमवारी दुपारी बासरी सुरू झाली. एक फेटेवाले आजोबा लागले, चौकोन लाल झाला. एक नऊवारीतल्या आजी लागल्या, लाल. मग उत्तरेश्वर लागला.

चौकोन हिरवाच राहिला.

सत्यशीलाच्या ते लगेच लक्षात आलं नाही, कारण ती पडद्यावरच्या भावाकडे बघत होती. फैझलच्या लक्षात आलं. "ताई, अलार्म नाही आला." पुढची स्लाइड लागली, कुणा बाळाचे फुगे, आणि चौकोन पुन्हा नेहमीसारखा लाल झाला.

"फाइलमध्ये काहीतरी राहिलं असेल," ती म्हणाली.

तिने फाइल पुन्हा बनवली. मंगळवारी पुन्हा हिरवा. तिने फोटो दुसऱ्या स्लाइडच्या साच्यात टाकला, क्रम बदलला, आजींच्या जागी त्याला आणि त्याच्या जागी आजींना ठेवलं. आजी लाल, तो हिरवा. दुसऱ्या मशीनवरून सोडून पाहिलं. तिथेही तेच. सॉफ्टवेअरचा एकच दावा होता, या चित्रात हालचाल आहे. डोळ्यांना तर काही दिसत नव्हतं. फोटो फोटोसारखा होता.

ती जोगळेकरांकडे गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ऐकून घेतलं.

"म्हणजे ज्याला दोष म्हणायचं तो दोष येत नाही, ही आपली तक्रार?"

"सर, स्थिर चित्राला ते हलतं म्हणतंय."

"मग कुठे हलतं ते विचारा त्याला. त्याचीही सोय आहे. आपण इंजिनिअर आहात, असं आपल्या अर्जात तरी लिहिलं होतं."

सोय होती. दोन फ्रेममध्ये जिथे फरक असेल तेवढेच ठिपके पांढरे दाखवायचे, बाकी सगळं काळं. एरवी कुणी ते उघडायचं नाही. बुधवारी दुपारी सत्यशीलाने ते उघडून ठेवलं. फेटेवाले आजोबा लागले, पडदा काळा कुट्ट. आजी, काळा. मग तो लागला आणि काळ्यावर एक पांढरी, बारीक कड उमटली. डोक्याभोवती. केसांची कड. ती डावीकडे सरकली, थांबली, सावकाश उजवीकडे आली. पुन्हा डावीकडे. खाली शर्टाच्या कॉलरची टोकंही तशीच, त्याच संथ लयीत.

फैझल खुर्ची सरकवून जवळ आला. लहानपणी मळ्यातल्या विहिरीच्या काठावर पालथं पडून ती आणि उत्तरेश्वर तळाचं शेवाळ बघायचे. ते असंच डोलायचं, कुणी हात लावत नसताना.

स्लाइड बदलली. फुगे आले.

त्या दिवशी ती घरी गेली तेव्हा आई टीव्हीसमोर खाली बसली होती. टीव्ही बंद होता. काका गॅलरीत तंबाखू मळत होते.

"शीले," आई म्हणाली, "आज केस हलायलेत त्याचे."

सत्यशीलाच्या हातातली पर्स तशीच राहिली. तिने घरी एक अक्षर काढलं नव्हतं. फैझलला घर माहीत नव्हतं.

"फोटो आहे तो, आई. फोटो हलत नाही."

"तुला दिसंना व्हय? काल कमी हलायले होते. आज चांगले हलायलेत." आईचा आवाज समाधानी होता. मग ती गॅलरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "भाऊजी, ऐका. जवर लेकरू हलायलंय तवर मी पुतळा जाळू देनार न्हाई. हलायचा थांबला, की मग माझा व्हकार."

काकांनी कपाळावर हात मारला. सत्यशीला मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. तिला भीती वाटली होती, पण भीतीपेक्षा राग जास्त आला होता. त्याच्यावर. गेलास तर नीट जा ना रे, असं तिला ओरडावंसं वाटत होतं.

गुरुवारी पांढऱ्या ठिपक्यांत पापण्या आल्या. शुक्रवारी खांद्यांची कड. आधी फक्त डोलत होती ती कड आता थोडी थोडी मोठी होत होती, जणू फोटोतलं माणूस पुढे येतंय. साध्या पडद्यावर मात्र तोच फोटो, तेच अर्धवट हसू. तिने पट्टी लावून मोजलं. चेहरा काडीमात्र वाढलेला नव्हता.

"ताई, काढून टाका ना स्लाइड," फैझल म्हणाला. तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "माझी अम्मी म्हणते, जे आपल्याकडे बघतंय त्याच्याकडे आपण बघू नये."

"काढली तर आई म्हणेल, हलत होता म्हणून काढली. मरेपर्यंत ती त्या भिंतीकडे बघत बसेल, फैझल. तिला तो थांबलेला दिसायला हवा. एकदा."

आणि ते करण्याचा उपाय तिच्या हाताशीच होता. कुठल्या चॅनेलचा सिग्नल मधेच तुटला तर घरोघरी मुंग्या दिसू नयेत, म्हणून कंट्रोल रूममध्ये एक बटण असतं. होल्ड. ते दाबलं की शेवटची चांगली फ्रेम पकडून ठेवली जाते, आणि मागून काहीही येवो, बाहेर तेच एक चित्र जात राहतं. वादळात, वीज गेल्यावर, त्यांनी ते कितीदा दाबलं होतं. फोटोला होल्ड लावायची गरज आजवर कुणाला पडली नव्हती.

शनिवारी दुपारी काका भटजींकडे सामान आणायला गेले होते. आई घरात एकटी होती. सत्यशीलाने फोन लावला, टीव्ही चालू आहे ना विचारलं, आणि फोन तसाच चालू ठेवून टेबलावर ठेवला. बासरी सुरू झाली. आजोबा, आजी. तो लागला. ठिपक्यांच्या पडद्यावर केस, कॉलर, पापण्या, खांदे, सगळं एकाच लयीत डोलत होतं.

तिने होल्ड दाबलं.

ठिपके विझले. पडदा काळा झाला. क्षणभराने चौकोन लाल झाला. फ्रीझ. आठवडाभरात पहिल्यांदा तो लाल रंग बघून तिचा जीव भांड्यात पडला. तिला रडू यायला लागलं. गेला, असं तिने मनातल्या मनात पहिल्यांदा म्हटलं, आणि फोन कानाला लावला.

"आई, बघ. आज तो हलत नाहीये. नीट बघ."

पलीकडून फक्त बासरी ऐकू येत होती.

"आई?"

"टीव्हीत न्हाई त्यो," आई म्हणाली. घरात कुणी झोपलं असताना बोलावं तशी हळू. "टीव्हीत नुसता मागला पडदा दिसायलाय."

सत्यशीलाने भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. उत्तरेश्वर होता. निळा शर्ट, अर्धवट हसू.

"आलाय त्यो," आई म्हणाली. "दारापशी हुभा हाय. ये म्हनून सांगायले, तर हलंना."

"कोण आलंय? आई, कोण आहे ते बघू नकोस. आधी दार लाव. कडी घाल."

"कडी घातलेलीच हाय की गं. भाऊजी गेल्यावर मीच घातली." आई आणखी हळू म्हणाली, "आतल्या अंगाला हुभा हाय."

फैझल उठून उभा राहिला होता. त्याला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"भिजलाय सगळा," आई म्हणत होती. "खाली पानी साचायलंय. डोळं उघडंच हायत. शीले, हलंना का गं ह्यो?"

"आई, त्याच्याजवळ जाऊ नकोस. शेजारी हाक मार. तशीच मागे मागे सर, गॅलरीत जा."

"माझं लेकरू हाय ते."

तेवढ्यात दार ढकलून जोगळेकर आत आले. त्यांच्या हातात दोन मोबाइल होते आणि दोन्ही वाजत होते.

"शोकसभा संपवायची का आता? एकच स्लाइड किती वेळ? ज्यांच्या नातवाचे फुगे अडकलेत त्यांनी माझं डोकं खाल्लंय."

"सर, नका. हात लावू नका. सर!"

त्यांनी वाकून होल्ड काढलं. त्यांच्या दृष्टीने ते अडकलेलं बटण होतं, आणि चूक त्यांचीही नव्हती.

लाल चौकोन हिरवा झाला.

"हलला," फोनवर आई म्हणाली. वर्षभरात सत्यशीलाने तिचा असा आवाज ऐकला नव्हता. हसरा. "हलला गं शीले. आला बघ."

मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. ठेवला, बंद केला नाही. बासरी थांबली आणि टीव्हीतून वाढदिवसाचं गाणं वाजायला लागलं. त्या गाण्याखाली ओल्या पावलांचा आवाज होता, असं सत्यशीला नंतर पोलिसांना म्हणाली. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

फैझलने तिला मोटरसायकलवर मागे बसवून मांजरीला आणलं. भर दुपार होती. उसाच्या फडांवर ऊन नुसतं तापत होतं आणि इमारतीत चिटपाखरू हलत नव्हतं. दाराला आतून कडी होती. हाका मारून झाल्या, शेजारचे जागे होऊन बाहेर आले, शेवटी वॉचमन कोंडीरामने पहार घालून कडी उचकटली.

टीव्ही चालू होता. त्याच्यासमोर चटई होती. चटईवर दोन ताटं वाढलेली, एकातलं जेवून झालेलं. गॅलरीला जाळी, खिडक्यांना गज, सगळं जागच्या जागी. आईच्या चपला दारात होत्या. आई नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती, मोरीत नव्हती, कपाटात आणि पलंगाखालीसुद्धा त्यांनी पाहिलं.

फरशीवर ओली पावलं होती. मोठी, पुरुषाची, अनवाणी. दारापासून निघालेली, चटईपर्यंत गेलेली. परत आलेली नव्हती.

नागोरावकाका आले तोवर पावलं वाळली होती. कोंडीराम उंबऱ्यात उभा राहून फरशी न्याहाळत होता.

"ताई, काय सांडलं होतं इथं?" त्याने विचारलं.

"पाणी."

"आपल्याकडचं न्हाई मग. आपल्या बोअरचं असतं तर आत्ता पांढरं पडलं असतं."

सत्यशीला खाली बसली आणि तळहाताने फरशी चाचपून पाहिली. फरशी गुळगुळीत होती. कुठेही डाग नव्हता.

पोलीस आले, गेले, पुन्हा आले. शोध घेऊ म्हणाले, बाई वेडाच्या भरात कुठे गेल्या असतील असंही म्हणाले. कडी आतून कशी, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही आणि तिनेही फिरून विचारलं नाही. काकांनी घर सोडून गावी चल म्हणून हात जोडले. ती गेली नाही. आई आली तर कुठे येणार, एवढंच म्हणाली. पावसाळा आला, गेला. कंपनीने तिला रजा दिली होती, ती संपल्यावर ती निमूट पाळीवर येऊन बसली. जोगळेकर साहेब तिच्याशी जपून बोलायला लागले होते. त्यांना ते जमत नव्हतं.

काकांनी मात्र मनावर घेतलं होतं. एकाऐवजी दोन पुतळे करायचे, मायलेकांचं एकदमच उरकायचं. सत्यशीलाला न विचारता ते चॅनेलच्या ऑफिसात जाऊन दोन फोटो देऊन आले. पोरगी रडेल, पण मोकळी होईल, असं फैझलला सांगून गेले. मनाने माणूस चांगलाच होता.

दुपारी बासरी सुरू झाली. फैझलने तिच्याकडे पाहिलं, पण ती उठून गेली नाही. कोणी सुभेदार लागले, लाल. मग उत्तरेश्वर लागला. निळा शर्ट, करडा पडदा, अर्धवट हसू.

चौकोन लाल झाला. इतरांसारखाच. सत्यशीलाने ठिपक्यांचा पडदा उघडला. काळा कुट्ट. एक ठिपका नव्हता. तो आता नुसता फोटो होता.

मग आई लागली. लग्नातला फोटो होता कुणाच्या तरी, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याला लाजलेली.

चौकोन हिरवा राहिला.

फैझल पुटपुटला काहीतरी. काळ्या पडद्यावर पदराची कड उमटली होती, आणि कपाळावरची एक बट. डावीकडे, मग सावकाश उजवीकडे.

सत्यशीला ती बट बघत राहिली. जोगळेकर साहेब त्या दिवशी रजेवर होते. तिने पर्स उघडून घराची किल्ली आहे ना ते पाहिलं. मग होल्ड दाबलं. ठिपके विझले, चौकोन लाल झाला.

"फैझल," ती उठत म्हणाली, "मी घरी जातेय. कुणी कितीही फोन केले, कुणीही येऊन ओरडलं, तरी होल्ड काढायचं नाही. मी पोचले की तुला फोन करीन. मी म्हटलं की मगच काढ."

"ताई..."

"तिला एकटीला घरात नको हलायला," ती म्हणाली.

खाली ऊन रणरणत होतं. तिला पटकन रिक्षा मिळाली. गाडीतळापाशी तिने ती क्षणभर थांबवली, कपड्यांच्या दुकानात गेली आणि एक मोठा, जाड टॉवेल घेतला.